तिसऱ्या कडव्यातला पाय

घर भाड्याने देण्याआधी लोक पगार विचारतात, लग्न झालंय का विचारतात, आपल्याकडे तर अंडं तरी खाता का इथपर्यंत चौकशी करतात. हॉलंडमधल्या न्यूनेन गावातल्या माझ्या घरमालकांनी मला जिना चढून दाखवायला सांगितलं.

ते स्वतः खाली खुर्चीत डोळे मिटून बसले. मी वर गेले, खाली आले. "पुन्हा," ते म्हणाले, "आणि आता घाबरू नकोस." डच घरातला जिना म्हणजे पायऱ्यांच्या नावाखाली उभी केलेली शिडीच. न घाबरता चढणं कठीण असतं, पण मी पुन्हा गेले. उतरले तेव्हा ते बायकोला डचमध्ये काहीतरी म्हणाले आणि बाईंनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. "तो म्हणतोय, खोली तुझी. तुझा डावा पाय जरा आळशी आहे म्हणे, पण प्रामाणिक आहे."

रात्री आईला फोन केला. कॉलिंग कार्डातली मिनिटं संपत असताना तिला सगळं नीट सांगायची सोयच नव्हती.

"काय काय विचारलं गं त्यांनी?"

"काही नाही. जिना चढायला लावला."

"अगंबाई! जिना मोडकाय का? वजन बघत होते?"

"नाही गं. लय बघत होते."

आईने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "बायको असते ना घरात?"

बायको असायची. ती होती म्हणूनच ते घर चालत होतं. मी आइंडहोवनला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायला सांगलीहून पुणेमार्गे आलेली मुलगी, आणि हे दोघं साठी ओलांडलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपलं पाळण्यातलं नाव सांगितलं आणि त्याच नावाने हाक मार म्हणाले. माझी जीभच उचलेना. वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? शेवटी मी 'आजोबा' म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द इतका आवडला, की सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या पोरीलाही ते "मी आजोबा" असं ऐटीत सांगू लागले. बाईंना मात्र 'आजी' मुळीच चालणार नव्हतं. "मी कुणाची आजीबिजी नाही," त्यांनी ठणकावलं. म्हणून त्या शेवटपर्यंत 'मेव्हराउ' राहिल्या, म्हणजे आपल्या बाईसाहेब.

आजोबांचा जन्म रेडिओच्या कारखान्यात स्पीकर तपासण्यात गेला होता. त्यामुळे त्यांचा कान तीक्ष्ण आणि बोलणं मोठं. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की ते त्याच्यापुढे स्टूल टाकून बसत आणि कपडे कमी पडले असतील तर "आज हिला जोर नाही" म्हणून स्वतःचा स्वेटर काढून आत टाकत. माझ्या फोडणीतली मोहरी तडतडायला लागली की जिन्याखालून ओरडत, "आता घाई करतेयस!" आणि खरोखर तेल जास्त तापलेलं असे. एकदा हृदयाची तपासणी करून आले ते छाती पुढे काढूनच. घराजवळच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की मधूनमधून ठोका चुकतोय. "मी म्हटलं, चुकत नाही हो, जरा मागून येतो. मुद्दाम." डॉक्टरांनी तरीही गोळ्या दिल्या. त्या ते घेत, पण त्यांचा कलेवर परिणाम होतोय अशी तक्रार करत.

हे सगळं का, ते मला पहिल्या शनिवारी कळलं. त्या दिवशी मला कॉफीचं रीतसर निमंत्रण होतं. मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होते, तरी ते आठवडाभर आधी, डायरीत बघून दिलेलं. कॉफी आली, बिस्किटांचा डबा आला, एकेक बिस्कीट घेतल्यावर डब्याचं झाकण लागलं, आणि मग आजोबांनी पांढरे हातमोजे घालावेत इतक्या जपून एक जुनी तबकडी बाहेर काढली.

कव्हरवर एक धिप्पाड काळा माणूस पियानोपाशी बसलेला होता. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर हॅट, आणि चेहरा असा, की आत्ता कुणीतरी याला जेवायला बोलावलंय. हा अमेरिकेतला ब्लूज गाणारा आणि पियानो वाजवणारा. युद्धानंतर दक्षिणेतून शिकागोला गेला, काही वर्षं त्याचं नाव झालं, मग लोकांची आवड बदलली आणि तिकडे त्याला कुणी विचारेना. तेव्हा तो युरोपात आला. ज्या गावी जाईल तिथला एखादा बँड साथीला घ्यायचा, वाजवायचं, पुढचं गाव. आमच्या भागात आला तेव्हा त्याला मिळाला तो आजोबांचा बँड. दिवसा कारखान्यात काम करणारी ही पोरं, संध्याकाळी ब्लूज वाजवायची. बास, गिटार, सॅक्सोफोन, आणि ड्रमवर आजोबा.

अल्बम ध्वनिमुद्रित झाला तो न्यूनेनजवळच्या एका गावच्या ब्रास बँडच्या सभागृहात. स्टुडिओ परवडण्यातला नव्हता. तिथल्या पियानोच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. "त्याने एकदा वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली," आजोबा सांगायचे, "दोन्ही पट्ट्या लक्षात ठेवल्या, आणि नंतर एकदाही तिकडे गेला नाही. सगळ्या अल्बममध्ये शोध, सापडणार नाहीस." चौघांची डच नावं त्याला उच्चारता येईनात, म्हणून तो सगळ्यांना 'बेटा' म्हणायचा. मेव्हराउंनी केलेलं वाटाण्याचं दाट सूप त्याने भांडं पुसून खाल्लं होतं. त्याचं कौतुक मेव्हराउ अजून करत. त्याच्या गाण्याबद्दल त्या काही बोलत नसत.

शेवटच्या गाण्याच्या वेळी त्याने आजोबांना हात केला. ड्रम नको म्हणाला, फार गलका होतोय, नुसता बूट वाजव. मग लाकडी खोक्याची एक फळी जमिनीवर टाकली, माइक खाली वाकवला, आणि आजोबांनी संपूर्ण गाणं उजव्या पायाने वाजवलं. तेच गाणं पुढे गाजलं. आणि कव्हरवर त्या गाण्याखाली छापून आलं: पियानो, गायन आणि पाय, तिन्ही त्या अमेरिकनाचं.

"पाय माझा आहे!" आजोबा प्रत्येक शनिवारी म्हणत. बास वाजवणारा त्यांचा मित्र आता न्यूनेनमध्ये सायकलींचं दुकान चालवायचा. तो म्हणे, "तुझा कसला? त्याचाच होता. सगळ्यांना माहितीय." यावर दोघांची तीस-एक वर्षं भांडणं चालू होती, आणि ती भांडताना दोघं इतके खूश दिसत, की मिटवावं असं कुणालाच वाटलं नसेल. पण आजोबांना ते खरोखर लागायचं, हे मला दिसत होतं. त्या एका गाण्याशिवाय त्यांच्या आयुष्यात लोकांनी ऐकलेलं असं काही नव्हतं. उरलेलं आयुष्य स्पीकरच्या पेट्यांत गेलं होतं. त्या पेट्यांमधून दुसऱ्यांची गाणी वाजत.

मी लहानपणी गाण्याच्या क्लासला जायची. मांडीवर हाताने ताल धरायची सवय अंगात इतकी मुरलेली, की आजही मीटिंगमध्ये कुणी एका सुरात बोलायला लागलं तर माझा हात हलतो. आपला सगळा भर समेवर, पहिल्या मात्रेवर. तिथे टाळी द्यायची, तिथे मान डोलवायची. या गाण्यात मात्र चारच मात्रा, आणि आजोबांचा पाय पडायचा दुसरीवर आणि चौथीवर. माझी टाळी पडली की त्यांचा पाय रिकामा, त्यांचा पाय पडला की माझा हात हवेत. "तसंच असतं ते," आजोबा म्हणाले. "पहिलीवर सैनिक चालतात. दुसरीवर माणसं नाचतात." मला ते ऐकताना दर वेळी एक पायरी चुकल्यासारखं व्हायचं, पण हळूहळू त्याची गोडी लागली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला बरेच शनिवार गेले. दोन कडवी आजोबा डोळे मिटून ऐकत. मग पियानो एकटा धावायचा, आणि तो संपून तिसरं कडवं सुरू झालं की आजोबांना एकदम बोलायची हुक्की यायची. "आणखी कॉफी? तुझ्या सायकलचा दिवा बघितलास का? आज वारा काय सुटलाय!" अगदी मोठ्याने. चौथं कडवं आलं की पुन्हा डोळे मिटून गप्प. मला वाटायचं, वयानुसार एकाग्रता कमी होत असेल.

मग एका शनिवारी त्यांचा घसाच बसला. शब्द फुटेना. तबकडी मात्र लागलीच, कारण डायरीत तसं ठरलेलं होतं. तिसरं कडवं सुरू झालं. आजोबांनी कपबशी खणखणवली, खुर्ची सरकवली, पण घशाची बरोबरी होईना. आणि मी पहिल्यांदाच ते कडवं ऐकलं. माझी टाळी मांडीवर पडली आणि बरोबर त्याच क्षणी पायही पडला. पहिलीवर. मग तिसरीवर. पुन्हा पहिलीवर. अख्खं कडवं तो पाय माझ्या हाताबरोबर चालला आणि चौथ्याला गुपचूप आपल्या जागी गेला.

"वा!" मी जवळजवळ ओरडलेच. "इथे समेवर आलात की तुम्ही! आमच्यासारखे!"

मी ते दाद म्हणून म्हटलं होतं. आपल्याकडे कुणी समेवर आलं की दाद द्यायची नसते का? आजोबांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी सुई उचलली, तबकडी कव्हरात घातली आणि घोगऱ्या आवाजात फक्त "कॉफी संपली," एवढं म्हणाले. किटली भरलेली होती.

नंतर बरेच शनिवार मला निमंत्रण आलं नाही. जिन्यात भेटलो की हवेबद्दल बोलत. मी मेव्हराउंना विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, "मला त्या गाण्यातलं काही कळत नाही. लग्नापासून एवढंच ऐकतेय की तो अचूक वाजवतो."

उत्तर मिळालं ते कार्निव्हलमध्ये. आमच्या त्या ब्राबांट प्रांतात फेब्रुवारीच्या गारठ्यात चार दिवस अख्खं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर येतं. बँकेतला साहेब कोंबडा होतो आणि शाळेची बाई समुद्री चाचा. पुढे ब्रास बँड, आणि त्या बँडच्या मागे, पोटावर मोठा ढोल बांधून, डोक्यावर गाजराची टोपी घालून आजोबा चाललेले. ढोल धाडकन पहिलीवर, पाय धाडकन पहिलीवर, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. तो पाय मी ओळखला. तिसऱ्या कडव्यातलाच. शिकागोच्या माणसाचा तो असणंच शक्य नव्हतं.

मी तशीच सायकलच्या दुकानात गेले. सायकलवाले तिथे भोपळ्याच्या वेषात चहा पीत बसले होते.

"पाय त्यांचाच आहे ना?" मी विचारलं. "आणि तुम्हाला माहितीय."

भोपळ्याने आधी दार लावलं. "हे बघ," ते म्हणाले, "जाणकारांच्या मासिकात त्या तिसऱ्या कडव्यावर लिहून आलंय. उस्तादाने तिथे ताल मुद्दाम उलटा केला, हा केवढा धाडसी प्रयोग, वगैरे. पाय अमेरिकनाचा असेल तर ती कला आहे. याचा असेल तर ती चूक आहे. मी त्याचा मित्र. मी काय सांगायला हवं, तूच सांग."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं मित्राशी भांडत होता तो त्याची अब्रू राखायला. आणि आजोबा अडकले होते ते स्वतःच्याच फुशारकीत. पाय आपला आहे हे सिद्ध करायचा एकच पुरावा होता, आणि तो पुरावा म्हणजेच ती चूक.

वसंत ऋतूत एक तरुण येऊन गेला. आठवडाभर अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास या कचेऱ्यांच्या भागात एका बँकेत टाय लावून काम करायचा, आणि शनिवार-रविवारी जुने अल्बम शोधून त्यांच्या सीडी काढायचा. त्याला हा अल्बम नव्याने काढायचा होता, आणि त्याआधी कुणी काय वाजवलं ते एकदा पक्कं करून घ्यायचं होतं. नवीन कव्हर छापलं की मग बदल नाही, असं तो म्हणाला. रविवारी दुपारी, त्याच ब्रास बँडच्या सभागृहात सगळ्यांनी जमायचं ठरलं.

त्या रविवारच्या आधी आजोबांनी माझं दार वाजवलं. डायरी नाही, वेळ ठरवणं नाही. डच माणूस असा न सांगता आला की आपण आधी विचारतो, बरं आहे ना सगळं?

"तुला ताल कळतो," ते म्हणाले. "तू तिथे सांग, पाय माझा आहे. बाहेरच्या माणसाचं लोक ऐकतात."

"सांगते की. पण त्याने विचारलं, कशावरून, तर?"

ते दारात उभे राहिले. मग म्हणाले, "तर नको सांगूस."

"आजोबा, एकाच कडव्याचा तर प्रश्न आहे."

"तुला एक कडवं. मला लोक ओळखतात ते तेवढ्या एका गाण्यावर," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला फार वाईट वाटलं. पाय तर दुसऱ्याच्या नावावर गेलाच होता, आता नव्या कव्हरवर तो कायमचा जाणार होता.

सभागृहात पन्नाशी-साठी पार केलेलं सगळं गाव जमलं होतं. ब्रास बँडवाले, त्यांच्या बायका, कॉफीचे थर्मास. आजोबा कोट घालून पहिल्या रांगेत बसले, मेव्हराउ शेजारी, मी त्यांच्या मागे. तरुणाने आधी बाकीची गाणी निकालात काढली. मग शेवटचं लावलं. ते लाकडी सभागृह, आणि तिथेच वाजलेलं ते गाणं. त्या माणसाचा आवाज असा आला, की तो आतल्या खोलीत ओव्हरकोट काढून ठेवतोय आणि येतोच आहे. दोन कडवी झाली. पियानो धावून आला. तिसरं सुरू झालं, आणि तरुणाने बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ऐका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "इथे उस्तादांचा पाय बघा. मुद्दाम उलटवलाय. मी कव्हरवर यावर एक परिच्छेद लिहितोय."

सायकलवाल्यांनी जोरात मान डोलावली. बस, विषय संपला असता. आजोबांनी फक्त गप्प बसायचं होतं.

"बंद कर ते," आजोबा उभे राहिले. "उस्ताद असली चूक जन्मात करणार नाही!"

तरुण गोंधळला. "चूक नाही, तो प्रयोग…"

"कसला प्रयोग! दोन मुक्या पट्ट्या असलेला पियानो त्याने असा वाजवला की कुणाला पत्ता लागला नाही. तो माणूस पहिलीवर पाय आपटेल? त्याच्या नावावर हे छापणार तू? तो गेलाय बिचारा, उत्तर द्यायला येणार नाही." त्यांनी स्वतःच्या बुटाकडे बोट दाखवलं. "ही ब्राबांटची चूक आहे. माझी आहे. मी लहानपणापासून या बँडमध्ये ढोल वाजवलाय. पायाला तेच माहीत."

सायकलवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"पण मग," तरुणाने सावकाश विचारलं, "तुम्ही पुन्हा का नाही केलंत? वेळ होता ना?"

"मी म्हटलं त्याला. गाणं संपल्या संपल्या म्हटलं, पुन्हा घेऊ, तिसऱ्यात माझा पाय घसरला." आजोबा जमिनीकडे बघत बोलत होते. "त्या कडव्याच्या सुरुवातीला त्याने गाता गाता माझ्याकडे वळून बघितलं होतं. हसला होता. मला इतका आनंद झाला की मी कुठे आहे तेच विसरलो. तो म्हणाला, नाही बेटा, हेच ठेवायचं. तिथे तुला आनंद झाला, मला ऐकू आलं. म्हणून तर पुढे मी तसं गायलो."

आता कळलं. आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी दाद हा माणूस तीस वर्षं पोटात घेऊन फिरत होता, कारण ती सांगायची तर चूक सांगावी लागली असती. दर शनिवारी माझ्यासमोर बसून ते याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. मलाच काय, मेव्हराउंनाही सांगितलं नव्हतं, हे बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या उठल्या. मला वाटलं, आता झापतात. त्यांनी चारचौघांत आजोबांच्या गालांवर तीन पापे घेतले, इकडे वाढदिवसाला घेतात तसे, आणि मोठ्याने म्हणाल्या, "अभिनंदन."

एकाने अभिनंदन म्हटलं की डच माणसाला राहवत नाही. रांग लागली. आणि इथल्या पद्धतीत नुसतं त्या माणसाचं अभिनंदन करून भागत नाही, त्याच्या घरच्यांचंही करावं लागतं. सायकलवाले डोळे पुसत मेव्हराउंपाशी आले आणि त्यांचा हात हलवत म्हणाले, "नवऱ्याच्या चुकीबद्दल अभिनंदन."

"कुठल्या?" मेव्हराउंनी विचारलं.

हशा ओसरायच्या आत ढोलवाले, तुतारीवाले, त्यांच्या बायका, सगळे एकेक करत माझ्याकडे वळले. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं अशी माणसं माझा हात हातात घेऊन म्हणत होती, "तुझ्या आजोबांबद्दल अभिनंदन." मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी प्रत्येकाला थँक यू म्हटलं. मी फक्त त्यांची भाडेकरू आहे, हे काही मी कुणाला सांगितलं नाही.